माझ्या मरणाची तालीम

१ मार्च
आधी माफी. दिवाळीपासून वहीला हात लावला नाही. पोरगा विक्रम दिवाळीला येणार होता, आला नाही, मग लिहायला काही उरलं नाही. पेनही हरवलं होतं. ते आज मसाल्याच्या डब्यामागं सापडलं. वही माझीच, वाचणाराही मीच, तरी उशीर तो उशीर. आता रोज लिहिणार.
बातमी अशी की जत्रेच्या नाटकात आजोबाचं काम मिळालं. येळ्ळूरच्या जत्रेत मी तरुणपणापासून म्हातारेच करत आलो. आता मेकअप लागत नाही, एवढाच फरक.

४ मार्च
शाळेच्या व्हरांड्यात वाचन झालं. नाटक कॉमेडी निघालं. मला कुणी सांगितलंच नव्हतं. आजोबा मेल्याचं सोंग घेतो, मुलगा आणि सून वाटणीवरून भांडतात, आजोबा पब्लिककडं बघून डोळा मारतो. डायरेक्टर आमचा भरमा, हायस्कूलला पीटी शिकवतो. त्याला म्हटलं, ट्रॅजेडी घे. ट्रॅजेडीत मी मेलो की बायकांचे पदर भिजायचे. भरमा म्हणाला, आप्पा, लोकं घरात लई रडत्यात, जत्रंत तरी हसू द्या की.
पण घरी येताना सुचलं. मरण तर लिहिलेलं आहे ना? मग ते सोंग आहे हे मी कशाला दाखवू? मी खराच मरणार. डोळा मारणार नाही.

५ मार्च
कारण लिहून ठेवतो, नंतर डोक्यातून जायला नको. आमचा विक्रम पुण्यात कंपनीत आहे. गेल्या दोन जत्रा आला नाही. फोन केला की मीटिंगमध्ये असतो. या खेपेला नक्की येतो म्हणाला, सुनेला म्हणजे तेजस्वीला घेऊन. त्यानं पुढच्या रांगेत बसून बाप मरताना बघावा. एकदा पोटातून हललं पाहिजे. मग दर रविवारी फोन करेल. मला जास्त नको. रविवारचा फोन बास.

९ मार्च
आवाजासाठी चहा बंद. कायमचा.

१० मार्च
जयाबाईनं चहा करून पुढं ठेवला. बायकोनं केलेला टाकायचा कसा. उद्यापासून बंद.

१४ मार्च
अभ्यास म्हणून आजारी आण्णाप्पाकडं गेलो. डॉक्टरनं आशा सोडली होती असं ऐकलं होतं. गेलो तर तो भाजलेल्या शेंगा खात बसलेला. म्हणाला, बस, शेंगा घे. श्वास कसा लागतो ते बघायचं होतं, पण त्याचा श्वास माझ्यापेक्षा बरा. एक खेप वाया. शेंगा चांगल्या होत्या.

२० मार्च
तालमीत मरणाआधी लांब पॉज घेतला. रवळू प्रॉम्प्टिंगला आहे. त्याला वाटलं मी वाक्य विसरलो. विंगेतून ओरडला, मरा की आता, आप्पा, मरा. सगळे हसले. मी मनावर घेतलं नाही. टेन्शन असलं की माणसं हसतात.
(वाक्यही विसरलो होतो. पण ते निराळं.)

२६ मार्च
घरी बाजल्याजवळ प्रॅक्टिस. छाती धरली, पाणी मागितलं, उजवीकडं कलंडलो. जयाबाई झाडू घेऊन उभी. म्हणाली, मरायचं असंल तर पलीकडं मरा, हितलं झाडून व्हायचं हाय. म्हटलं, जरा तरी वाईट वाटू दे. म्हणाली, लगीन झाल्यापास्नं दर जत्रंला मरतासा, किती वाईट वाटून घिऊ?
तिला सवय झाली आहे. विक्रमनं लहानपणानंतर बघितलेलं नाही, जत्रेला आला तरी नाटकाआधी झोपायचा.

२ एप्रिल
नाटकातल्या सुनेचं काम करणारी बाई कोल्हापूरहून आली. मधुवंती. गावच्या बायका स्टेजवर येत नाहीत, म्हणून दर वर्षी बाहेरून आणतात, एका तालमीवर काम निभावते. रडणं पहिल्या दर्जाचं. मला म्हणाली, काका, मेल्यावर हलू नका, माझी एन्ट्री जाते. कलावंताला कलावंत कळतो.
पेच बक्षिसाचा आहे. आमच्यात खेळ मध्येच थांबवून माईकवर बक्षीस पुकारतात, आणि नटानं होता तसा पुढं येऊन हात जोडायचे असतात. नाही जोडले तर देणारा रुसतो. मी ठरवलं. मेलेला माणूस उठत नाही. कुणाचंही बक्षीस असो.

८ एप्रिल
विक्रमचा फोन. स्वतःहून. रजा मिळाली. विचारत होता, नाटक किती वाजता संपतं? म्हटलं, तू ये तरी. आवाज थकलेला वाटला. माझ्या मरणानं त्याला मोकळं वाटेल.

१२ एप्रिल, सकाळी
आज जत्रा. विक्रम आणि तेजस्वी पहाटेच्या गाडीनं आले, झोपलेत. चहा बंद आहे (दोनच घेतले). आज सगळं गाव रडणार. बंदोबस्ताला आलेला हवालदार विजयपूरकडचा, कानडी आहे, त्याला मराठीचा एक शब्द येत नाही. तोही रडेल. मरण भाषेवाचून कळतं.

१३ एप्रिल
कंबर धरली आहे. आडवं पडून लिहितो.
मेलो तोवर उत्तम होतं. पॉजही जमला, रवळूला आधीच दम दिला होता. पडताना धोतर बाजल्यात अडकलं, थोडं हसू झालं, ते समजण्यासारखं आहे. मग माईकवर आलं, मारुतीराव आप्पांच्या मरणाला वरल्या गल्लीकडून बक्षीस. उठलो नाही. मग दूध डेअरीकडून. उठलो नाही. भरमा विंगेतून, आप्पा, उठा, वरली गल्ली रुसंल. मी मेलेलाच.
मग माईकवर आलं, विक्रम मारुतीराव, पुणे, यांच्याकडून वडिलांना बक्षीस.
उठलो. पुढं जाऊन हात जोडले. विक्रम पुढच्याच रांगेत, पण तोंडापुढं फोन धरलेला, डोळे दिसले नाहीत. खांदे मात्र हलत होते. रडताना खांदे हलतात.
परत जाऊन मेलो. तर वरली गल्ली उभी राहिली. पोराच्या बक्षिसाला उठतासा, आमच्या न्हाय व्हय? उठलो. मग डेअरीला उठलो. मग प्रत्येकाला उठावं लागलं. परत परत मेलो. मधुवंती डोक्यावर पदर घेऊन तशीच उभी. शेवटी नाटकात नसलेलं बोलली, मामंजी, एकदाचं काय ते ठरवा. मांडव हसून हसून आडवा. कुणीतरी वन्स मोअर ओरडलं, मग सगळेच. हवालदार भिंतीला टेकून पोट धरून हसत होता.
भरमानं मिठी मारली. म्हणाला, आप्पा, असली कॉमेडी गावात झाली न्हवती.
मला वाद घालायचा नाही. विक्रमचे खांदे मी बघितले आहेत.

१४ एप्रिल
विक्रम आणि तेजस्वी सकाळी गेले. मीटिंग आहे. स्टँडवर पाया पडला, म्हणाला, आप्पा, कमाल केलीसा. पोचल्यावर कळव म्हटलं. हो म्हणाला.
दुपारी मोबाईलवर माझ्या मरणाचा व्हिडिओ आला. आण्णाप्पानं पाठवला, मग भरमानं, मग निपाणीच्या साडूनं. सगळ्यांकडं एकच फिरतो आहे. विक्रमनंच काढलेला. जयाबाईनं आवाज मोठा केला. सुरुवातीपासून कुणीतरी अगदी फोनजवळ हसतं आहे, श्वास पुरेना असं. पहिलं वन्स मोअर त्याचंच. आवाज विक्रमचा आहे. आईला कळतो तसा मलाही कळतो.
जयाबाई आत गेली. चहा करून आणला. घेतला.
वन्स मोअर म्हणजे बापानं परत उठावं, असंच त्याला वाटलं असेल. असं धरायला हरकत नाही.

१४ एप्रिल, संध्याकाळी
गाडी एव्हाना पोचली असणार. व्हिडिओ अजून येतोच आहे, आता ओळख नसलेल्या माणसांकडून. प्रत्येक वेळी फोन वाजला की वाटतं.
आज रविवार नाही, ते मला माहीत आहे. मोठं काही नको. पोचलास का, तेवढं लवकर कळव रं.