सोदामच्या आईची पावलं

३ जून, मंगळवार

पहाटेची प्रार्थना झाली. तळ्याला पूर्ण फेरी. पाणी आठ पेले. लसूण एक पाकळी, कच्ची. रक्तदाब १२४/८२. प्रभूची कृपा!

संध्याकाळी फोनवर आमच्या गटाची यादी. ‘शंभरीपर्यंत टुणटुणीत’ — हे नाव तेयूनच्या आईनं ठेवलेलं. कोण किती पावलं चाललं ते फोन आपोआप मोजतो आणि गटातल्या सगळ्यांना दाखवतो. घरोघरचे बाबासुद्धा गटात आहेत, म्हणजे तिकडे मायदेशी, बुसानला बसून यांनाही दिसतं. इथे ऑकलंडात आम्ही आया पोरांना शाळेसाठी घेऊन राहतो, पण तब्येत राखून आहोत, एवढं त्यांना कळावं म्हणून.

आज पहिला नंबर — सोदामची आई. ७,३०२.

तिला जाऊन सव्वीस दिवस झाले.

४ जून, बुधवार

पुन्हा. ७,११८.

तळ्याकाठी तेयूनची आई म्हणाली, “बाई मेली तरी पहिला नंबर सोडत नाही!” मग स्वतःच तोंडावर हात.

“नाव काढून टाक की. गटाची मालकीण ना तू?”

“माझा हात नाही धजत बाई. तू काढ. तुझी मैत्रीण होती.”

होती!

९ जून, सोमवार

इथे नाही लिहिलं तर कुठे लिहू? डाव्या काखेत गाठ आहे. सोयाबीनच्या दाण्याएवढी. एप्रिलपासून. या वहीत सगळ्याला रकाने आहेत — प्रार्थना, पाणी, पावलं, लसूण. हिला रकाना नाही.

डिसेंबरात सुट्टी लागली की बुसानला जायचंच आहे. तिकडे दाखवीन. आपली भाषा, आपले डॉक्टर, एका सकाळीत डोक्यापासून पायापर्यंत तपासून मोकळं करतात. सगळ्याच आया असं करतात. दात, डोळे, गुडघे — सगळं डिसेंबरवर.

आत्ता दाखवलं आणि काही निघालं, तर हे म्हणणार, दोघी परत या. लेकीला, हारिमला, एकटीला परक्या घरी ठेवायला हे कधीच तयार होणार नाहीत. पोरीचं शाळेचं शेवटचं वर्ष. नोव्हेंबरात परीक्षा. सहा वर्षं इथे काढली ती कशासाठी?

सोदामच्या आईचंही असंच होतं. गेल्या वर्षी तळ्याकाठच्या बाकावर तिनं माझा हात धरून आपल्या गाठीवर ठेवला. म्हणाली, “आत्ता कामं आहेत गं. डिसेंबरात गेले की दाखवीन, चालेल ना?” विचारलं होतं तिनं मला. मी म्हटलं, “हो ताई, तिकडेच बरं. आपल्या भाषेत.”

डिसेंबरात ती तिकडे गेली. पण तोवर उशीर झाला होता. आम्हाला म्हणाली, काही नाही, साधं निघालं. आणि मी मानलं!

१३ जून, शुक्रवार

७,२६६.

तळ्यावर दाट धुकं. पुढे कोणीतरी चालत होतं. हात तसेच जोरात हलवत. डोक्यावर ताईची ती जांभळी टोपी. मी हाक मारली — “ताई!” थांबली नाही. स्तोत्र म्हणत घरी आले, सगळी कडवी, दोनदा.

चर्चचे पाळकसाहेब म्हणतात, मेलेली माणसं प्रभूपाशी असतात. माहीत आहे मला! मग प्रभूपाशी पावलं कोण मोजतं?

१४ जून

पाणी तीनच पेले. फेरी नाही.

१८ जून, बुधवार

सोदामला सतरा पूर्ण झाली. आई गेल्यापासून पोर पाळकसाहेबांकडे राहते, शाळा संपेपर्यंत. वाढदिवसाला समुद्रशेवाळाचं सूप हवंच. बाळंतपण झालं की आई तेच पिते, म्हणून. मांस महाग, शिंपले घातले. डबा घेऊन गेले.

तिनं झाकण उघडलं आणि हसली. “मावशी, उद्या गणिताची चाचणी आहे! हे पिऊन घसरले तर?”

अगं बाई! परीक्षेच्या आदल्या दिवशी बुळबुळीत शेवाळ, म्हणजे गुण घसरणारच! कुठली आई देईल? मी डबा ओढायला लागले. “परवा गरम करून पी.”

“नको. आजच. घसरले तर घसरले.” उभ्यानंच प्यायली.

खुंटीला जांभळी टोपी. खाली फोन, कोपरा फुटलेला. ताईचा.

मी पाहतेय हे तिनं पाहिलं. डबा खाली ठेवला. “मार्चपासून मीच चालते, मावशी. आईला उठवत नव्हतं. तुम्हाला सांगायची ना, सकाळची थंडी सोसत नाही, दुपारी चालते म्हणून? यादीत शून्य दिसलं तर पप्पा विचारतील, म्हणाली. माझा फोन घेऊन फिरून ये.”

“आणि आता गं?”

“आता थांबले तर शून्य दिसेल ना.”

मी तिला जवळ घेतलं. तिचा हात नेमका काखेला लागला. मी दचकले. या वयात हाताला गाठ कळते तिच्या!

“किती दिवस झाले?” तिनं विचारलं. मोठ्या बाईसारखं.

“डिसेंबरात—”

“मावशी, तो शब्द माझ्यासमोर नको.”

२३ जून, सोमवार

शाळा सुटल्यावर सोदामनं मला ओढत दवाखान्यात नेलं. मी शाळेपुरती शिकलेली, इंग्रजी भाजीबाजाराइतकं. दोन्हीकडचं तीच सांगत होती. भरभर, न अडखळता. शेवटी डॉक्टरबाई एक शब्द बोलल्या. तो सोदामनं मला सांगितला नाही. मीही विचारला नाही.

घरी हारिमला सांगितलं. म्हटलं, बाबांना इतक्यात नको.

“नको,” ती म्हणाली. लगेच. फार लगेच.

३० जून

गुरुवारी गाठ काढणार. यांचा फोन आला. “जेवलीस का?” जेवले. “तब्येत?” ठणठणीत.

प्रभू, क्षमा कर.

३ जुलै, गुरुवार

झालं. दवाखान्यात निजूनच आहे, पाऊल खाली टाकायचं नाही. फोन सकाळी घरीच राहिला होता.

आत्ता हारिम घेऊन आली. बुटांना तळ्याकाठचा चिखल. फोनवर यांचा निरोप — “आज ७,१४०! झकास! अशीच तब्येत सांभाळ.” यादीत माझ्या वर सोदामची आई. ७,१५२.

हारिमसमोरच यांना फोन लावला. म्हटलं, ती पावलं माझी नाहीत.