अक्रोडाचा दस्ता

मंगळवार, संध्याकाळ

निवडणूक लागली, म्हणून आज बंदूक पोलीस ठाण्यात जमा करून आलो. वर्षात दुसऱ्यांदा. हवालदार दस्त्यावरून हात फिरवत म्हणाला, "लई देखणा हाय की!"

रानडुकरं हाकायला साधी एकनळी पुरली असती. पण मला अक्रोडाच्या दस्त्याची दुनळीच हवी होती. मका राखायला, की गावात मिरवायला? बायकोच्या पाटल्या मोडल्या त्यासाठी.

घरी आलो, तर ती तेलाचा रिकामा डबा घेऊन मक्याकडं निघालेली. म्हटलं, "मी येतो." म्हणाली, "कशाला? डबा बडवायला लायसन लागत न्हाय."

देखणा दस्ता ठाण्यात पडलाय. तिचे मोकळे हात बांधावर डबा बडवतायत. आणि मी, बंदूकवाला, इथं लिहीत बसलोय.