पावाच्या दुकानातला राजा

१८ जानेवारी, शनिवार

माझं आयुष्य आज सकाळी बदललं. कूम्सबाईंच्या पावाच्या दुकानात, सॉसेज रोल घेताना. दोन दिवसांपुरता ब्रिस्टलच्या कॉलेजातून घरी आलो होतो. काउंटरवर बाईंची भाची ब्रायनी होती. तिने पुडी हातात दिली आणि म्हणाली, "लवकर ये हं परत, राजा."

राजा!

आता, आमच्या सॉमरसेटात राजा सगळ्यांनाच म्हणतात. पोस्टमनला म्हणतात, मीटर बघायला येणाऱ्याला म्हणतात, चर्चच्या पाद्रीणबाईंनासुद्धा म्हणतात. हे मला कळतं. मी या क्विलकोममध्येच जन्मलो. पण आवाजाआवाजात फरक असतो. शिवाय पाद्रीणबाई रांगेत माझ्या पुढेच होत्या. त्यांना ती नुसतं "बरंय, राजा" म्हणाली. "लवकर ये" म्हणाली नाही. तपासून पाहिलंय मी.

२० जानेवारी, सोमवार

कॉलेज सोडलं. लवकर म्हणजे लवकर. जमीनमोजणीचा कोर्स निम्मा झाला होता, उरलेला निम्मा होईपर्यंत ती काय वाट बघत बसणार? सरांनी कारण विचारलं. "खाजगी आहे" असं सांगितलं, जरा जोरातच. त्यांचा चहा सांडला. त्यात माझा दोष नाही, टेबल मुळातच डगमगत होतं.

घरी सांगितलं. बाबा दुधाचा टँकर चालवतात. त्यांच्यापेक्षा टँकर जास्त बोलतो. जेवण संपल्यावर म्हणाले, "अस्सं." आमच्या घरात यापेक्षा मोठं भांडण आजवर झालेलं नाही.

३ फेब्रुवारी, सोमवार

नोकरी लागली. पशुखाद्याच्या दुकानात पोती उचलणे. तात्पुरती.

गावाबद्दल तक्रार: रस्ता एक, त्यावर ट्रॅक्टर एक, आणि त्याच्यामागे सगळं गाव. हॉर्न वाजवायची सोय नाही, कारण ट्रॅक्टरवाला कोणाचा तरी काका असतो. धो धो पाऊस पडला तर लोक म्हणतात, "जरा दमट आहे." नदी घरात शिरली तर, "बरंच दमट आहे." अशा गावात एखादी मुलगी तोंडावर राजा म्हणते! शहरातल्यांना याची किंमत कळायची नाही.

रोज एक मोठा पाव घेतो. आई म्हणाली, "तीन माणसं आहोत रे घरात, पलटण नाही." फ्रीजर भरला. तळ्यातली बदकंही हल्ली मला बघून पाठ फिरवतात.

८ फेब्रुवारी, शनिवार

रांगेत आज वेस्ली टॅप पुढे होता. हा गोठ्यागोठ्यातून गाईंची खुरं तासत हिंडतो. वासही त्याच धंद्याचा. ब्रायनी त्याच्यावर अशी कडाडली! "बूट पुसून ये आधी, गाढवा! दुकान आहे हे, गोठा नाही."

तो म्हणाला, "गोठ्यात माझं स्वागत बरं होतं."

"मग गाईंकडेच माग जा पाव!"

चारचौघांत एवढा अपमान. बिचारा. मला खरंच वाईट वाटलं. मग माझा नंबर आला. "काय देऊ, राजा?"

दोन पाव घेतले.

१ मार्च, शनिवार

संकल्प: आजपासून राग आवरायचा.

दुपारी. लंडनचं एक जोडपं दुकानात आलं होतं, नवेकोरे चिखलबूट घालून. ब्रायनी नवऱ्याला म्हणाली, "अजून काही, राजा?" आणि तो बाबा चक्क लाजला! मी त्याला बाहेर गाठलं. म्हटलं, "गैरसमज करून घेऊ नका. इथे सगळ्यांनाच म्हणतात. त्यात काही अर्थ नसतो."

तो म्हणाला, "माहीत आहे मला."

"मग लाजलात कशाला?"

त्याची बायको म्हणाली, "मीही हेच विचारणार होते."

माणसं किती भाबडी असतात. माझा आवाज चढला हे मान्य. संकल्प उद्यापासून.

२ मार्च, रविवार

चर्चला गेलो. ब्रायनी नव्हती. देवही नसावा. परत आलो.

१३ मार्च, गुरुवार

पबमागच्या लांब खोलीत दर गुरुवारी खुंट्यांचा खेळ असतो. लाकडी चेंडू घरंगळत टाकायचा आणि पलीकडच्या नऊ खुंट्या पाडायच्या. ब्रायनी खेळते म्हणून मीही गेलो. जोर जरा जास्त झाला. चेंडू भिंतीवर आपटून स्वयंपाकघरात गेला आणि तिथे कसलं तरी सूप होतं. संघाने माझी ताकद ओळखून मला जबाबदारीचं काम दिलं: पलीकडे उभं राहून पडलेल्या खुंट्या पुन्हा उभ्या करायच्या. माझ्याशिवाय खेळच होऊ शकत नाही म्हणा ना.

वेस्लीचा चेंडू हुकला तेव्हा ब्रायनी ओरडली, "डोळे घरी ठेवून आलास काय रे, माठ्या?" सगळे हसले. तोही हसत होता, लाज नाही माणसाला. मला मात्र म्हणाली, "छान उभ्या केल्यास हं, राजा."

नडगीला चेंडू लागला. पण काही वाटलं नाही. (रात्री वाटलं.)

२२ मार्च, शनिवार

विचारलं! खुंट्यांच्या संघाचं वार्षिक जेवण पाच एप्रिलला संध्याकाळी आहे. म्हटलं, माझ्याबरोबर येशील का? ती पाव कापत होती. म्हणाली, "बघू हं, राजा."

आमच्याकडे "बघू" म्हणजे नाही. "नक्की बघू" म्हणजे तर अजिबातच नाही. हे लहान पोरालाही माहीत असतं. पण ती नुसतं "बघू" म्हणाली नाही. "हं" म्हणाली. "नाही" म्हणायचं असतं तर "हं" कशाला लावलं असतं?

ब्रिस्टलहून कॉलेजचा फोन आला होता, आईने घेतला. ईस्टरपर्यंत कळवलं तर जागा ठेवतील म्हणे. म्हटलं, "त्यांना कळव, जागा दुसऱ्या कोणाला तरी द्या म्हणून." तिने फोनही उचलला नाही, बटाटे सोलत राहिली.

४ एप्रिल, शुक्रवार

उद्या सकाळी दुकानात सगळ्यांसमोर बोलून टाकायचं. भाषण पाठ केलं. फार लांब झालं. लहान केलं. आणखी लांब झालं.

आई इस्त्री करता करता म्हणाली, "टॉबी, मी तुझ्या बाबांना आजवर एकदाही राजा म्हटलेलं नाही."

म्हटलं, "मग काय म्हणतेस?"

ती विचारात पडली. "तुझ्या अंगात दगड भरलेत का, असं म्हणते."

बाबा पेपराआडून म्हणाले, "रोज म्हणते." आणि दोघंही उगाचच हसत बसली. त्यांचा काळ वेगळा. त्या पिढीला प्रेमातलं काय कळणार?

५ एप्रिल, शनिवार

रांग दारापर्यंत होती. माझा नंबर आला. "काय देऊ, राजा?"

भाषण विसरलो. एवढंच म्हणालो, "तू मला राजा म्हणतेस म्हणून मी कॉलेज सोडून आलो."

क्विलकोमची माणसं अशा वेळी जे करतात तेच सगळ्यांनी केलं: बनपावांकडे बघू लागली. पाद्रीणबाईंनी तर एक बन उचलून खालून तपासला.

ब्रायनीच्या हातातली सुरी थांबली. म्हणाली, "अरे देवा." मग हळूच, "तू टँकरवाल्या वेनकॉटांचा ना? तुझं नाव... डॅरेन?"

"टॉबी."

"टॉबी. हे बघ, नावं राहतच नाहीत रे माझ्या लक्षात. म्हणून सगळ्यांना राजा. कोणाला वाईट वाटत नाही."

तेवढ्यात आतल्या खोलीतून वेस्ली आला. बूट नव्हते, नुसते मोजे. हातात चहाचा मग, कानाला पीठ. "काय झालं गं?"

"तू मध्ये कडमडू नकोस, गाढवा," ती म्हणाली, आणि त्याच्या हातातला मग घेऊन त्यातलाच चहा प्यायली.

मी विचारलं, "याचं नाव राहतं लक्षात?"

"याला कधी नावाने हाक मारलीय मी?" ती म्हणाली. कानापर्यंत लाल झाली होती. मला कधी तशी दिसली नव्हती.

काय झालंय ते वेस्लीला कळलं असावं. माणूस वाईट नाही. म्हणाला, "संध्याकाळी जेवणाला ये हं नक्की. खुंट्या उभ्या करायला तुझ्यासारखा दुसरा नाही." मनापासून म्हणाला. तेच जास्त लागलं.

पाव घेतला नाही. वळलो. दार असं आपटायचं ठरवलं होतं की काचा खळखळल्या पाहिजेत. पण खिडकीशी उद्याच्या पावांची कणीक फुगत ठेवलेली दिसली. दणका बसला की ती खाली बसते, आणि रविवारी सगळं गाव चपटा पाव खातं. मी बाहेर पडलो आणि दार हळूच लावून घेतलं.