स्वस्तिकाखालचं बटण

पोंभुर्णा, ३ डिसेंबर २००४

तीर्थरूप भाऊजींना एकुलत्या मेहुण्याचा, प्रफुलचा, वाकून नमस्कार. आपली कंबर कशी आहे? (हे न विचारल्यास ताई रागावते.) इकडे आचलच्या हळदीची तयारी जोरात आहे. नवरी सोडून सगळे थकलेत.

आधी आनंदाची बातमी देतो: सीडी वाजली! आपण पाठवलेली पिशवी आली तेव्हा डबी तडकलेली होती. एसटीत कुणीतरी तिच्यावर ऐसपैस बसलं असावं. माझा जीव खालीवर झाला. आपल्या आणि ताईच्या हळदीत टेप केलेली आईची गाणी आता फक्त त्या चकतीत उरली होती, कारण कॅसेटवरून सीडी करून देणाऱ्या दुकानदाराने त्याच्याकडची प्रत पुसलेली आणि मूळ कॅसेट मागच्या आठवड्यात माझ्या वॉकमनने खाल्ली. (हे ताईला कळू नये.) साऱ्या गावाच्या पोरींना हळद लावताना गायलेली आई स्वतःच्या धाकटीच्या हळदीला मुकी राहिली असती, आणि तेही माझ्यामुळे.

गावातले दोन्ही प्लेअर लग्नसराईत बाहेरगावी. उरला आमच्या कॉलेजच्या लॅबमधला कॉम्प्युटर. पण त्यावर नेहमीचं विंडोज नाही, लिनक्स आहे, आणि लिनक्सच्या घरात मी पाहुणा. सीडी घातली, तर पडद्यावर ‘परमिशन डिनाइड’. आज्ञा बदलून पाहिली, शेवटी हात जोडले, उत्तर तेच. सगळे अधिकार ‘रूट’ नावाच्या मालकाकडे, त्याचा पासवर्ड जिशान सरांकडे, आणि जिशान सर बहिणीच्या निकाहासाठी सिरोंच्याला. तिथे फोन लागत नाही. मी त्यांच्या टेबलावरच्या तारखा, त्यांच्या गाडीचा नंबर, पोरीचं नावसुद्धा टाकून पाहिलं. (हे जिशान सरांना कळू नये.)

झाडू मारणाऱ्या नीलाबाई बराच वेळ बघत होत्या. शेवटी म्हणाल्या, “काऊन त्या पडद्यासंग भांडून राह्यले भाऊ? त्या कागदाखाली बटन हाये ना. दसऱ्याच्या आंधी म्या रोजच पुसत होती.”

दसऱ्याला यंत्रांची पूजा झाली, तेव्हा प्रत्येक कॉम्प्युटरवर स्वस्तिकाचा कागद कुणी चिकटवला? मीच. नेमका सीडीच्या खणाखाली, गोंद सढळ हाताने लावून. आता पूजेचा कागद फाडायचा कसा? नीलाबाईंनी नखाने हळूच सोडवला, कपाळाला लावला आणि पडद्याच्या माथ्यावर डकवला. खाली वाजवायचं बटण, शेजारी कानाची वायर खोचायचं भोक. ना रूट, ना पासवर्ड. वॉकमनची वायर खोचली, बटण दाबलं, आणि आई गायला लागली. सगळी गाणी शाबूत आहेत. भाऊजी, काल मी पोटभर जेवलो.

आपला,
प्रफुल

ता. क. हळदीला प्लेअर आपणच आणा.

ता. क. २. खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहिलं. सीडी परत दुकानात नेऊन मधला आरडाओरडा काढून आणू, असं आपण म्हणाला होतात. कृपया काढू नका. दुसऱ्या गाण्यात आई मधेच थांबून ओरडते, “प्रफुल, बकरी तांदळात गेली रे, हाकल तिले!” काल मी खुर्चीतून उठून निघालोच होतो. कानातली वायर निसटली, तेव्हा थांबलो.