गाड्या मागून सुटताहेत

४ मार्च

चि. धाकट्यास अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. आई ठीक आहे, गुडघे सोडून. मी अजून बसस्थानकाच्या दारावर पिशव्या तपासते. दारातली धातू ओळखणारी कमान आठ महिने बंद आहे. दिवा लागतो, पण वाजत नाही. परवा एक सुतार करवत आणि हातोडा घेऊन तिच्यातून गेला, कमान गप्प. आमचे पर्यवेक्षक म्हणाले, दिवा लागतोय ना, घाबरणारा घाबरतो.

गुरुवारी बाँबची रंगीत तालीम आहे. तिचीही तालीम मंगळवारी झाली. तिसऱ्या बाकाखाली लाल पिशवी ठेवतील, ती मला बरोबर अकराला अचानक दिसायची आहे.

तू तर राजधानीत, देशाची सज्जता मोजणाऱ्या कचेरीत बसतोस. कमानीचं कोणाच्या तरी कानावर घाल. आणि वेळेवर जेव. कागद चघळून कोणी बाळसं धरत नाही.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

ताई

१५ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुमच्या तालमीचा अहवाल मीच टाइप केला. चार मिनिटांत स्थानक रिकामं. भिंतीवरच्या नकाशात तुमच्या स्थानकापुढे हिरवी टिकलीही मीच लावली. लावताना हात जरा अडखळला.

साहेबांना कमानीचं सांगितलं. ते म्हणाले, कमान दुरुस्तीत येते, आपण सज्जतेत. दुरुस्तीवाल्यांकडे गेलो, तर त्यांच्या नोंदीत कमान उत्तम चालू आहे. तेव्हा तूच डोळ्यांत तेल घालून राहा. देशाच्या सज्जतेबद्दल मला इतकंच खात्रीनं सांगता येतं.

आईला नमस्कार. अशीच रागावत राहा.

तुझा धाकटा

२ एप्रिल

चि. धाकट्यास अ. उ. आ.

आधी हे वाच: मी बरी आहे.

सोमवारी सकाळी तिकीट खिडकीखाली एक निळी बॅग दिसली, जवळ कोणी नाही. पर्यवेक्षक म्हणाले, तालमीतली राहिली असेल. मी म्हटलं, ती लाल होती आणि कपाटात आहे. मग ते वरून परवानगी विचारायला आवारातल्या खोलीत फोनकडे गेले.

बाहेर व्हा म्हणून मी ओरडले, तर लोक हसले. एक आजोबा म्हणाले, परवापरवाच झाली की तालीम, आज आम्हाला वेळ नाही. कोणी बूड हलवेना. मग मी घसा फोडून सांगितलं की आज सगळ्या गाड्या मागच्या फाटकातून सुटताहेत आणि जागा थोड्याच आहेत.

धाकट्या, दोन मिनिटांत अख्खं दालन रिकामं! आजोबा सर्वांत पुढे. तिकीटवाली तेवढी गल्ला बंद करत बसली होती, तिला मी दंडाला धरून ओढत नेलं. आम्ही फाटक ओलांडलं आणि मागे छत खाली आलं.

कोणी गेलं नाही. माझ्या डाव्या कानानं आता काही ऐकू येत नाही. पर्यवेक्षकांना फोन तोवर लागला नव्हता.

अक्षर वाकडं आलंय, सांभाळून घे. आठवण ठेव.

ताई

११ एप्रिल

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. त्याच दिवशी तुमचा अहवाल माझ्या टेबलावर आला. साहेबांनी मजकूर सांगितला की तालमीच्या सरावामुळे प्रवासी शिस्तीत बाहेर पडले.

मी ते टाइप केलं नाही. कमान बंद होती, ते माहीत असून हिरवी टिकली मी लावली, आणि लोक जागा धरायला पळाले म्हणून वाचले, असं लिहून खाली सही केली. साहेबांनी विचारलं, ही माहिती कोणी दिली. म्हटलं, बहिणीनं. मग त्यांनी कागद वर पाठवला आणि मला महिनाभराच्या रजेवर. नकाशावरची तुमची टिकली काढली आहे. स्थानकच उरलं नाही, तेव्हा सज्जतेचा प्रश्न येत नाही, असं ठरलं.

शनिवारी घरी येतोय. काही करून ठेवू नकोस. तुझ्या उजव्या हाताला बसेन, आणि तू म्हणशील तितके दिवस बसेन.

तुझा धाकटा