जर्सीवरून घेतलेलं माप

आप्पा,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज आठवायला आता मला थोडं थांबावं लागतं. हात मात्र लगेच आठवतात. पडवीत मांडी घालून तुम्ही बसला आहात, गुडघ्याखाली नवार दाबून धरली आहे, आणि दाभण ओढताना दोऱ्यानं कापू नये म्हणून अंगठ्याला चिंधी गुंडाळली आहे. मी समोर बसून दोऱ्याला मेण लावते आहे. हे मी सिंगापूरहून लिहिते. इथे पुंगोल म्हणून नवी वस्ती आहे, तिथे आमचा फ्लॅट आहे. हे जहाजावर इंजिनिअर, मी एका प्रयोगशाळेत कामाला. आम्हाला एक मुलगा होता. तुम्ही त्याला पाहिलं नाहीत. गेल्या मार्चमध्ये तो रक्ताच्या कॅन्सरनं गेला. अठरा वर्षांचा होता.

त्याच्या शेवटच्या महिन्यांत त्यानं आणि मी मिळून रायफलीचा पट्टा शिवला, तेवढंच तुम्हाला सांगायचं आहे. बाकीचं मी कुणालाच सांगत नाही.

फौजेतून पेन्शन घेऊन आल्यावर तुम्ही परवान्याची रायफल घेतली होती. थंडीत रानडुकरं शेतात उतरायची आणि गाव तुम्हाला बोलवायला यायचं. एकदा पाटलांनी खूश होऊन चामड्याचा पट्टा देऊ केला, पितळी बकलाचा. तुम्ही तो हातातसुद्धा घेतला नाहीत. "चामडं नको," एवढंच म्हणालात. पुढे मी विचारलं तेव्हा सांगितलंत, की आज्यानं गावची मेलेली ढोरं ओढायचं सोडलं, त्या दिवसापासून आपल्या घरात कातडं आलेलं नाही. मग तुम्ही जुन्या बाजेची नवार सोडवून धुतलीत, हिरड्याच्या पाण्यात गंजके खिळे टाकून उकळलीत, काळपट झाली तशी राखेत पुरून ठेवलीत, साबणाचा वास डुकराला लागू नये म्हणून. आई चुलीपाशी बसून बडबडत होती. "सकाळी पंचशील म्हणायचं आन् सांजच्याला डुकराच्या मागं जायचं. बुद्धाला काय दिसत न्हाई व्हय?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "बुद्धानं शेत केलं असतं तर त्यानंबी परवाना काढला असता." आई हसली नाही, पण तव्यावरची भाकरी तिनं हळू उलटली.

रायफल मला उचलवत नव्हती, म्हणून माझ्या खांद्यावर मुसळ लटकवून पट्टा कसा बसतो ते तुम्ही दाखवलंत. दोन्ही टोकं कडीतून दुमडून घ्यायची, चौकोनी टाका घालायचा, चौकोनाच्या आत फुली मारायची. बकल वाजू नये म्हणून त्याला कापड गुंडाळायचं. आणि माप घ्यायचं ते जर्सी घालून. "उघड्या अंगावर घेतलेला पट्टा थंडीत खांद्यात रुततो. पट्टा ज्याच्या त्याच्या अंगाचा असतो, तो उसना घेता येत न्हाई." तुमची फौजेतली हिरवी लोकरी जर्सी तेव्हा कोपरावर विरली होती.

इथे मुलांना अठराव्या वर्षी दोन वर्षं सैन्यात जावं लागतं. याचं बोलावणं आलं तेव्हा हा इस्पितळात होता, म्हणून त्याला सूट मिळाली. रविवारी त्याचे मित्र भेटायला यायचे, सैन्यानं सगळ्यांची डोकी भादरलेली. याचंही डोकं केमोनं गुळगुळीत झालेलं. टकल्याला इथे बोटक म्हणतात. एक जण त्याच्या उशाशी बसून म्हणाला, "वा, यू सो लकी, बोटक फॉर फ्री." सगळे हसले, हाही हसला. ते गेल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. रायफल खांद्यावर कशी घेतात ते मित्र दाखवत होते, तेव्हा तो फार लक्ष देऊन बघत होता. मला दुसरं काही सुचेना, म्हणून मी त्याला तुमच्या पट्ट्याची गोष्ट सांगितली. त्यानं सगळी ऐकून घेतली आणि विचारलं, "कॅन यू मेक वन?"

बीच रोडला सैन्यातल्या मुलांना लागणारं सामान मिळतं, तिथून मी नवारीसारखी सुती पट्टी आणि जाड दोरा आणला. दुकानातल्या म्हाताऱ्यानं विचारलं, "आंटी, सन गोइंग आर्मी आह?" मी हो म्हटलं. त्यानं दोन बकलं दाखवली आणि त्यातलं कुठलं कमी वाजतं तेही सांगितलं. येताना गाडीत मी ती पिशवी मांडीवर धरून बसले होते. हो म्हणताना मला बरं वाटलं होतं, आप्पा. तेवढ्या वेळापुरता माझा मुलगा सैन्यात चालला होता.

इस्पितळात आम्ही रोज थोडं शिवायचो. दोऱ्याला मेण तो लावायचा. बोटं सुजलेली असत, तरी सोडत नसे. "फॉर व्हॉट, मम्मी? गॉट नो गन ऑल्सो," असं म्हणायचा आणि पुढचा दोरा घ्यायचा. एक नर्स रोज येऊन विचारी, "फिनिश ऑलरेडी?" आणि तो तिला सांगे, "माय मदर व्हेरी स्लो." त्यानं डुकरांबद्दल विचारलं, ती किती मोठी असतात, अंगावर येतात का, तुम्ही कधी घाबरला होता का. घाबरायचात की नाही हे मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलंच नव्हतं.

मग एका सकाळी डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाजूच्या खोलीत बोलावलं आणि आता औषधानं काही होणार नाही असं सांगितलं. हे तोवर रजा घेऊन आले होते. मुलाला इतक्यात सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं. मी तोंड धुतलं आणि आत जाऊन त्याच्या खांद्याचं माप घेतलं, कारण पट्ट्यात आता तेवढंच उरलं होतं. टेपखाली नुसतं हाड लागत होतं. मी माप बघितलं आणि पट्टा त्याहून कितीतरी लांब कापून शिवला. आजारापूर्वी तो जसा होता, बास्केटबॉल खेळून घामानं भिजलेला घरात यायचा, त्या खांद्याला बसेल एवढा.

रायफलीच्या जागी आम्ही मोठी छत्री बांधली. त्यानं पलंगावर बसून ती खांद्याला लावली, तर पार मांडीखाली लोंबायला लागली. "टू लाँग, लाह," तो म्हणाला. मी म्हटलं, "जर्सीवरून घ्यायचं असतं माप. आजोबांची रीत आहे." "सिंगापूर व्हेअर गॉट कोल्ड?" मी म्हटलं, आपण थंडीत गावी जाऊ, तिथे लागेल. त्यानं छत्री खांद्यावरून काढून माझ्या मांडीवर ठेवली. मग मराठीत बोलला. घरातसुद्धा तो मराठीत फारसा बोलायचा नाही, मोडकं येतं म्हणून लाजायचा. "मम्मी, मला जर्सी लागणार नाही. तू नीट कर."

मी कात्री घेतली आणि टाका उसवायला बसले. चौकोन उसवला, फुली उसवली. त्यानं पट्ट्याचं दुसरं टोक धरून ठेवलं होतं. टेपवर जेवढं आलं होतं तेवढ्याच मापाचा पट्टा मी परत शिवला, आणि तो त्याला बसला. त्याला काय झालंय, किती दिवस आहेत, यावर आमच्यात तेवढंच बोलणं झालं. त्यानंतर मला त्याच्याशी खोटं बोलावं लागलं नाही, पण खरंही काही बोलता आलं नाही. शेवटच्या आठवड्यात तो पट्टा त्याच्या उशाखाली असायचा. नेताना ह्यांनी विचारलं, सोबत ठेवायचा का. मी नको म्हटलं. आता कपाटात आहे. दुसऱ्या कुणाच्या खांद्याला तो बसणार नाही.

मधे एकदा माझ्या मनात आलं, त्या मारलेल्या डुकरांचं पाप तर हे नसेल. लगेच लाज वाटली. डुकरं शेत खात होती, एवढंच तुम्ही म्हणाला असता. आणि असा विचार मनात येऊ नये असंच तुम्ही मला वाढवलंत. पण दुपारी फ्लॅटमध्ये एकटी असते तेव्हा कसलेही विचार येतात, आणि त्यांना हाकलण्याएवढा जोर आता माझ्यात नाही. विहारात लोक म्हणतात, सगळं अनित्य आहे. मला ते लहानपणापासून पाठ आहे. पाठ असून उपयोग होत नाही.

तुमची आठवण आली म्हणून लिहायला बसले, असं मी मघाशी स्वतःला सांगितलं होतं. पण लिहिताना कळलं, मला तुमचा हेवा वाटतो. तुम्ही गेलात तेव्हा आम्ही सगळी भावंडं तुमच्या पलंगाभोवती उभी होतो, एकही कमी नव्हतं, आणि तुम्ही एकेकाकडे बघून डोळे मिटलेत. त्या दिवशी मला वाटलं होतं, याहून वाईट काही नसतं. आप्पा, तुमचं किती चांगलं झालं.