कढईतलं तेल

चारूचे बाबा,

मी चारूले घेऊन इंद्रवेल्लीले भावाकडं चालली. आमाले आणाले येऊ नका.

काल चारूले शाळेतून आणताना घाटाच्या चढावर माह्या मोटरसायकलचं इंजिन नुसतं बोंबलत होतं, गाडी पुढं सरकेना. अर्ध्या चढावर जागीच थांबली अन् मागून लाकडाचा ट्रक आला. पोरीले धरून मी बाजूले उडी घेतली, म्हणून आज हे लिहून राह्यली. चारूचं कोपर फुटलं. जेवताना तुमी मात्र एवढंच विचारलं, "गाडीचा आरसा काऊन फुटला?"

मेकॅनिकनं सांगितलं, याच्यात कारचं तेल हाये. मोटरसायकलचा क्लच इंजिनच्याच तेलात बुडून राह्यते. कारच्या तेलानं तो बुळबुळीत होते अन् चढावर पकडच धरत नाही. तुमच्या भावाच्या कारचं उरलेलं तेल तुमी माह्या गाडीत ओतलं, तवाच मी म्हटलं होतं, आपल्या गाडीचं आणा. तुमी तुमच्या आईंसमोर हासले. "बाईमाणसाले काय समजते? तेल म्हणजे तेल!"

पटलं मले.

मेकॅनिकनं काढलेलं ते काळं तेल मी मागून आणलं. कढईत ओतून गॅसवर ठेवलं हाये. बाजूले वांगे चिरून हायेत, तिखटमीठ लावून. घरातलं गोडं तेल शेजारी देऊन टाकलं. तळून खा. आईंलेबी वाढा.

चारूची आई